कोणता पीस निवडायचा?

(रौप्यमहोत्सवी बालकलाकार स्पर्धेआधी झालेल्या पालकसभेतील भाषणाचा मजकूर)



पुढच्या महिन्यात आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त मुलांची स्पर्धा ठेवली आहे आणि या वेळी पहिल्यांदाच बाहेरचे परीक्षक येणार आहेत. गाणं, वादन, नाच, नाट्यछटा असं सगळं आहे. सांस्कृतिक समितीने मला सांगितलं की, मुलांनी काय सादर करावं यावर पालकांशी थोडं बोला. मी म्हटलं, अहो, मी बँकेतला माणूस. आयुष्यभर कर्जाची प्रकरणं तपासली, मला संगीतातलं काय कळतं? त्यावर सचिव म्हणाले, "काका, तुमच्या नातीचा पियानो आम्ही सगळे ऐकतो. त्याबद्दलच बोला." ही तक्रार होती की कौतुक, ते मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

तर मी आज उपदेश करणार नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. बँकेत आम्ही म्हणायचो की, बुडालेल्या कर्जाची फाईल नव्या अधिकाऱ्याने आधी वाचावी. ही तशीच एक फाईल समजा.

आमच्या घरात पियानो आला तेव्हा नात सहा वर्षांची होती. आधी छोटा कीबोर्ड होता. तो तिला पुरेना, तेव्हा मुलाने आणि सुनेने मिळून इलेक्ट्रिक पियानो घेतला. पूर्ण आकाराचा, म्हणजे ८८ पट्ट्यांचा. त्यात ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. मी पहिल्याच दिवशी मोजल्या, सवय जाते कुठे! जुन्या सभासदांना आठवत असेल, दुपारच्या रियाझावरून दोन-तीन तक्रारी आल्या होत्या. सचिवांनी मार्ग काढला की संध्याकाळी पाच ते सात उघडा आवाज आणि एरवी हेडफोन. आम्ही तो नियम आजतागायत पाळला आहे, हे या व्यासपीठावरून नमूद करतो.

तिच्या टीचर मूळच्या गोव्याच्या. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायची पद्धत होती. त्यामुळेच मुंबईच्या सिनेसंगीतातल्या वाद्यवृंदात इतके गोवेकर वादक होते. आमच्या टीचरच्या घरातही तीच परंपरा. बोलणं कमी, पण कान असे की शेजारच्या खोलीतून सांगतील, कुठलं बोट चुकलं ते. मुलाला आणि सुनेला नोकऱ्या, म्हणून नातीला रिक्षाने त्यांच्याकडे नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे. तास संपेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. चार वर्षं असा बसल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्यालाही कळतं.

आधी परीक्षांचं सांगतो, कारण आपल्या सोसायटीतली आणखीही मुलं त्या देतात. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाची प्रत्यक्ष परीक्षकासमोरची परीक्षा १५० गुणांची असते. १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. त्यात तीन रचना वाजवायच्या, प्रत्येकीला ३० गुण. रचनेला सगळे जण 'पीस' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. हे पीस ठरलेल्या याद्यांतूनच निवडावे लागतात. म्हणजे निवडीत फार मोठी चूक व्हायला वाव नाही, बोर्डाने कुंपण घालून दिलेलं असतं. नातीला दोन परीक्षांत डिस्टिंक्शन मिळालं आणि आमच्या घरात सगळ्यांचे पाय जमिनीपासून थोडे सुटले. सगळ्यात जास्त माझे.

मग एक स्पर्धा आली. दक्षिण मुंबईतल्या एका सभागृहात, बारा वर्षांखालचा गट, तीन परीक्षक, पाच मिनिटांची मर्यादा आणि पीस ज्याचा त्याने निवडायचा. नात तेव्हा दहा वर्षांची होती.

टीचरनी सुचवला शूमानचा एक लहान पीस. रॉबर्ट शूमान हा जर्मन संगीतकार. १८३८ साली त्याने 'बालपणीची दृश्यं' अशा अर्थाच्या नावाखाली तेरा छोट्या रचना लिहिल्या. त्यातली ही पहिली, नाव साधारण 'परक्या देशांविषयी आणि माणसांविषयी' असं. छापील पानावर अवघ्या २२ ओळखंडांची. पुनरावृत्ती धरूनही दोन मिनिटांच्या आत संपते. टीचरनी ती वाजवून दाखवली. मला वाटलं, ही तर अंगाई आहे. स्पर्धेत अंगाई वाजवून कोणी बक्षीस देतं का?

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही यूट्यूब उघडलं. कुठल्याशा देशातली सात-आठ वर्षांची पोरं मोझार्टचं 'टर्किश मार्च' असं वाजवत होती, की बोटं दिसेनात. खाली लाखो लोकांनी बघितल्याचा आकडा. तुम्ही सगळ्यांनी हे ऐकलेलं आहे; मोबाइलच्या रिंगटोनमध्ये असायचं, खेळण्यातसुद्धा असतं. मी म्हटलं, हेच. सूर ओळखीचा, वेग जबरदस्त, शेवट दणक्यात. टाळ्या इथेच आहेत. मुलगा म्हणाला, "बाबा, टीचरना विचारा." मी विचारलं, पण कसं विचारलं, तर ठरवून टाकलेलं सांगावं तसं.

टीचर म्हणाल्या, "काका, पीस छान आहे. आणखी दोन वर्षांनी वाजवेल." मी म्हटलं, "टीचर, मुलगी हुशार आहे, आव्हान दिलं की करते." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं." शाखा चालवलेला माणूस मी, समोरच्याचा 'बरं' म्हणजे संमती की हार, हे मला कळायला हवं होतं.

आणि एक गोष्ट राहिली. नातीला कोणीच विचारलं नाही. तिने ते शिकायला सुरुवात केली, कारण आजोबा खूश होते.

पाच महिने ती ते वाजवत होती. ए विंगमधल्या सगळ्यांना ते पाठ झालं असेल, त्याबद्दल आज जाहीर माफी मागतो. सुरुवात सुरेख यायची. पण मध्ये एक भाग येतो, तिथे उजव्या हाताला सा आणि वरचा सा एकदम दाबत चाल वाजवायची असते. इंग्रजीत त्याला ऑक्टेव्ह म्हणतात. पुढे तेच दोन सूर एकामागून एक, भराभर. तिथे आली की तिचे खांदे वर चढायचे. एकदा तिने मनगट चोळलं. आमची ही म्हणाली, "अहो, तिचा हात दुखतोय." मी म्हटलं, "सवय होईल."

स्पर्धेच्या दिवशी आम्ही ठाण्याहून फास्ट लोकलने गेलो. सभागृह वातानुकूलित होतं, पोरीचे हात गार पडले. घरचा पियानो इलेक्ट्रिक, तिथला खराखुरा मोठा ग्रँड, पट्ट्या जरा जड. तिच्या गटात तिच्या आधीच दोन मुलांनी हाच टर्किश मार्च वाजवला. एकाने तर फारच सफाईने. मी पाहिलं, परीक्षकांपैकी एकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला.

तिने सुरुवात केली ती रोजच्यापेक्षा बरीच जलद. घाबरलं की लय वाढते, हे भजनी मंडळातल्या लोकांना सांगायला नको. त्या वेगात ती ऑक्टेव्हच्या भागाशी पोहोचली आणि अडली. पुन्हा मागून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्या वेळी तिने हात मांडीवर ठेवले, उठली, वाकून नमस्कार केला आणि आत गेली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. चांगली माणसं होती. पण तसल्या टाळ्या मुलांना बरोबर कळतात.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. कुर्ला गेल्यावर मला म्हणाली, "आबा, तुला वाईट वाटलं ना?" दहा वर्षांची मुलगी, स्वतः पडून आलेली, आणि काळजी करतेय माझी. मंडळी, त्या वाक्याने मला जे समजलं ते एरवी कोणी समजावून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. पीस तिचा नव्हताच. तो माझा होता. मी तिच्या हातांनी वाजवायला निघालो होतो.

मला माझी शाळा आठवली. सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत वडिलांनी मला स्वतः लिहिलेलं भाषण पाठ करायला लावलं होतं. भारदस्त शब्द, त्यातल्या निम्म्यांचा अर्थ मला माहीत नव्हता. तिसऱ्या परिच्छेदाला मी विसरलो आणि स्टेजवर तसाच उभा राहिलो. वडील घरी काही बोलले नाहीत. मीही पुढे दहा-बारा वर्षं चारचौघांत तोंड उघडलं नाही. हे सगळं माहीत असलेला माणूस साठ वर्षांनी नातीला तेच करायला लावतो, याला काय म्हणावं?

पियानोचं झाकण दोन महिने बंद होतं. कोणी काही बोलायचं नाही असं आम्ही घरात ठरवलं. संध्याकाळचे पाच ते सात शांत जाऊ लागले. एक दिवस सी विंगमधल्या वहिनींनी मला जिन्यात थांबवलं. याच वहिनींनी सुरुवातीला तक्रार केली होती. म्हणाल्या, "काका, छोकरी आजारी आहे का? पाच वाजले की चुकल्यासारखं होतं." मला उत्तर देता आलं नाही.

मी एकटाच टीचरकडे गेलो आणि चूक कबूल केली. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "काका, तिचा हात मोजलात का?"

नव्हता मोजला. आता मोजमाप सांगतो. पियानोची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. सा ते वरचा सा म्हणजे सात पट्ट्यांचं अंतर, सुमारे साडेसोळा सेंटिमीटर. घरी जाऊन मी स्केलपट्टी घेतली. नातीचा हात पूर्ण ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सोळा आणि थोडा. म्हणजे हा सूर गाठण्यातच तिची सगळी ताकद संपत होती. त्यापुढे त्यात वेग आणायचा, चाल आणायची, नजाकत आणायची कुठून? ही हुशारीची गोष्ट नव्हती, हाडांची होती. हात दोन वर्षांत वाढतो. टीचरनी "दोन वर्षांनी" म्हटलं होतं ते हवेत म्हटलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. मोझार्टने त्या रचनेवर लयीची जी सूचना लिहिली आहे ती आहे 'अ‍ॅलेग्रेटो'. म्हणजे मध्यम, जराशी चपळ. भरधाव नव्हे. १७८४ साली ते छापलं गेलं, तेव्हा व्हिएन्नात तुर्की लष्करी बँडची, ढोल-झांजांची हौस होती. डाव्या हातात तो ढोल आहे. ती मिरवणूक आहे, शर्यत नाही. आम्ही यूट्यूबवर शर्यत पाहून पीस निवडला होता.

मी विचारलं, "पण अवघड वाजवलं की गुण जास्त नाहीत का मिळत?" त्या म्हणाल्या, जिम्नॅस्टिक्समध्ये कसरतीच्या अवघडपणाचे वेगळे गुण असतात. संगीताच्या परीक्षेत तसा रकाना नसतो. परीक्षक बघतो ते असं: सूर बरोबर आहेत का, लय स्थिर आहे का, आवाजात लहान-मोठेपणा आहे का, मुख्य चाल बाकीच्या सुरांच्या वर ऐकू येते का, पेडलने गिचमिड होतेय का, आणि वाजवणाऱ्याला त्या संगीतातलं काही कळलंय का. अवघड पीसमध्ये हे सगळं दाखवायला मुलाकडे शिल्लकच काही उरत नाही.

शिल्लक म्हटल्यावर मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरकर्ज देताना बँक घराची पूर्ण किंमत देत नाही. काही भाग कर्जदाराने स्वतःचा घालायचा असतो, त्याला मार्जिन म्हणतात. कशासाठी? उद्या भाव पडला तर सांभाळून घ्यायला. आयुष्यभर मी एकही कर्ज मार्जिनशिवाय मंजूर केलं नाही. आणि घरच्या पोरीच्या बाबतीत मार्जिन शून्य! गार हात, परका पियानो, आधी वाजवून गेलेली मुलं, धडधडणारी छाती, हे सगळं भाव पडण्यासारखंच आहे. ते होणारच, असं धरूनच निवड करायला हवी.

त्या दिवशी टीचरनी पीस निवडताना त्या काय बघतात ते सांगितलं. मी चहाच्या टेबलावर पेपरच्या कडेला लिहून घेतलं. तेच तुम्हाला वाचून दाखवतो. गाण्याला, तबल्याला, नाचालाही बऱ्यापैकी लागू पडेल.

पहिलं, हात पुरतो का? गायनात म्हणाल तर, वरची पट्टी ताण न देता लागते का?

दुसरं, ठरलेल्या लयीपेक्षा थोडं संथ आणि थोडं जलद, दोन्ही प्रकारे मूल ते वाजवू शकतं का? फक्त एकाच वेगात येत असेल, तर ते बोटांना पाठ आहे, मुलाला नाही.

तिसरं, मधूनच कुठूनही सुरू करता येतं का? अडल्यावर पहिल्यापासून सुरू करावं लागतं, कारण मुलाला दुसरा दरवाजाच माहीत नसतो. टीचर आता प्रत्येक पीसमध्ये चार-पाच जागा ठरवून देतात. अडलं तर मागे न जाता पुढच्या जागी उडी घ्यायची.

चौथं, वेळेत बसतं का? पाच मिनिटांची मर्यादा म्हणजे पाच मिनिटं भरलीच पाहिजेत असं नाही. दोन मिनिटं नीट वाजली तरी परीक्षकाला मूल कळतं.

पाचवं, स्पर्धेआधी निदान दोनदा परक्या वाद्यावर आणि चार परक्या माणसांसमोर वाजवून झालं आहे का?

आणि सहावं, टीचरनी शेवटी सांगितलेलं पण त्यांच्या लेखी पहिलं: कोणी सांगितलं नसताना मूल ते वाजवतं का?

दोन महिन्यांनी एका दुपारी मी आतल्या खोलीत पडलो होतो. हॉलमधून पट्ट्यांचा नुसता टकटक आवाज येऊ लागला. नात हेडफोन लावून वाजवत होती, त्यामुळे सूर ऐकू येत नव्हते. मी तसाच पडून राहिलो. थोड्या दिवसांनी पाच वाजता हेडफोन निघाला आणि शूमानचा तो लहान पीस घरात ऐकू आला. टीचरनी सुचवलेला, मी नाकारलेला. तिने तो मुकाट्याने पुस्तकातून काढून बसवला होता.

तेव्हा मी पहिल्यांदा तो नीट ऐकला. वर एक साधी चाल, खाली खर्ज, आणि मध्ये एका मात्रेत तीन-तीन सूर झुलत राहतात. गंमत म्हणजे ते मधले सूर दोन्ही हातांनी वाटून घ्यायचे असतात. अर्धं उजव्याने द्यायचं, अर्धं डाव्याने उचलायचं, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. त्यातच उजव्या हाताची वरची बोटं चाल गात राहिली पाहिजेत. हाताला ताण नाही, पण कानाला आणि मनाला काम भरपूर. मी ज्याला अंगाई म्हणालो होतो त्यात हे सगळं दडलेलं होतं. या तेरा रचना लहान मुलांनी वाजवाव्यात म्हणून लिहिलेल्याही नाहीत. मोठ्या माणसाने आपलं बालपण आठवून त्या लिहिल्या आहेत. मुलांसाठी त्याने वेगळं पुस्तक लिहिलं, दहा वर्षांनी, १८४८ साली, आणि त्याची सुरुवात झाली ती थोरल्या मुलीच्या वाढदिवसासाठी लिहिलेल्या काही पीसपासून. बापाने मुलीसाठी लिहिलं, तिच्या हाताला झेपेल असं. हे वाचल्यावर मला स्वतःची थोडी लाज वाटली.

पुढच्या वर्षी तीच स्पर्धा पुन्हा आली. मी विषय काढला नाही. नातीनेच टीचरना सांगितलं, "मला जायचंय. पण मी हाच वाजवणार." घरात कोणी काही बोललं नाही. फक्त आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं.

त्या वर्षी तयारी वेगळी झाली. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात टीचरच्या ओळखीने दोन ठिकाणी खऱ्या पियानोवर वाजवलं. सी विंगमधल्या वहिनी आणि त्यांच्या भिशीच्या सात-आठ जणी एका संध्याकाळी आमच्याकडे श्रोते म्हणून आल्या. परीक्षक व्हायचं आहे म्हणून गंभीर चेहरे करून बसल्या होत्या आणि शेवटी सगळ्यांनी कांदेपोहे खाल्ले. सभागृहात गार हात पडू नयेत म्हणून हातमोजे नेले. ही युक्ती नातीची.

या वेळी ती बसली, आणि लगेच वाजवायला लागली नाही. मनातल्या मनात दोन मात्रा मोजल्या असाव्यात. मग तो पीस सुरू झाला. मध्यावर एक जागा आहे, तिथे लय हळूहळू संथ होते आणि एका सुरावर थांबायचं असतं. किती थांबायचं ते कागदावर लिहिलेलं नसतं, वाजवणाऱ्याने ठरवायचं. ती थांबली. सभागृहातला एसीचा आवाज ऐकू आला, इतकी शांतता. आणि मग पहिली चाल परत आली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आबा, तो थांबा लांबला का?" मी म्हटलं, "नाही गं, बरोबर होता." ती म्हणाली, "मला तो अजून लांबवायचा होता, पण धीर झाला नाही." बघा हं. आदल्या वर्षी तिला चिंता होती आजोबांना वाईट वाटल्याची. या वर्षी तिला चिंता होती एका थांब्याची. माझ्या मते बक्षीस तिथेच मिळालं.

प्रत्यक्षात काय मिळालं? उत्तेजनार्थ. पहिल्या तिघांत ती नव्हती. पहिला आलेला मुलगा खरोखर उत्तम वाजवत होता, आणि तोही वेगाच्या मागे नव्हता. पण समजा नात पहिल्या तिघांत यायला हवी होती असं मला वाटलं असतं, तरी परीक्षकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. वॉर्सामध्ये शोपँच्या नावाची जगप्रसिद्ध स्पर्धा १९२७ पासून भरते. तिथे १९८० साली इव्हो पोगोरेलिच नावाचा तरुण वादक अंतिम फेरीत घेतला गेला नाही. त्यावर परीक्षकांपैकीच एक, स्वतः १९६५ ची विजेती असलेली मार्था आर्गेरिच, निषेध म्हणून परीक्षक मंडळातून बाहेर पडली. पोगोरेलिच पुढे मोठा वादक झाला. आणि त्या वर्षीचा विजेता, व्हिएतनामचा डांग थाय सोन, तोही मोठाच झाला. म्हणजे जगातल्या निवडक कानांचंही एकमत होत नाही. निकाल आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ती निवड, आणि मुलाने ते सहा महिने कशात घालवायचे हे.

हा मुद्दा मी पुन्हा सांगतो. परीक्षक तो पीस दोन मिनिटं ऐकतो. आपण पालक तो दिवाणखान्यातून येता-जाता ऐकतो. पण मूल त्याच्याबरोबर सहा महिने राहतं. ज्याच्याबरोबर राहायचं आहे ते आवडीचं नको का?

कोणी म्हणेल, मग मुलांना अवघड काही द्यायचंच नाही का? तसं नाही. नात आज तेरा वर्षांची आहे. हात वाढला आहे, मी मधून मधून मोजतो. टर्किश मार्च ती आता वाजवते, सावकाश, मिरवणुकीच्या चालीने, आणि ऑक्टेव्हच्या जागी खांदे वर जात नाहीत. अवघड गोष्टी घरी शिकाव्यात, तासाला शिकाव्यात, तिथे शंभरदा चुकावं. रंगमंचावर मात्र ते न्यावं, जे चुकण्याच्या पलीकडे गेलं आहे. रियाझ वर बघून करायचा आणि सादर करायचं ते पायाखालची जमीन बघून.

आता आपल्या स्पर्धेविषयी. प्रवेशिका उद्यापासून कार्यालयात मिळतील. मी समितीला एक विनंती केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. प्रवेशिकेवर एक ओळ वाढवली आहे: 'मी हे का निवडलं?' त्याचं उत्तर मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं आहे. एका वाक्यात, कसंही. 'मला मजा येते' असं लिहिलं तरी चालेल. आईबाबांनी, आणि विशेषतः आजोबांनी, ती ओळ भरायची नाही. त्याला गुण नाहीत, परीक्षकांना ती दाखवणारही नाही. ती आपण पालकांनी वाचायची आहे.

आणि बालमित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. घरचे काही सुचवतील, ते ऐका, कारण त्यांनी जग पाहिलंय. पण ते करून बघितल्यावर तुमचा हात दुखला, घसा बसला किंवा मनच लागेना, तर तसं सांगा. आमच्या नातीने मला ते सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. तुम्ही न विचारता सांगा. सांगायची भीती वाटली तर बी विंग, तिसऱ्या मजल्यावर या. मी तुमच्या घरच्यांशी बोलेन. अनुभवी माणूस आहे.